दुर्गेश्वरीची चाल

आमच्या घरात तीन भाषा नांदतात. चुलीपाशी पोवारी, अंगणात झाडी मराठी आणि गोंदियाच्या बाजारात गेलं की हिंदी. तीन जावा एका घरात असल्या की भांड्याला भांडं लागतंच, तसं या तीन भाषांचंही अधूनमधून होतं, पण त्यानं कोणाचं काही अडत नाही. मागच्या मार्गशीर्षात मात्र या तिघींनी मिळून 'चाल' नावाचा एवढासा शब्द असा काही फिरवला की आमच्या दुर्गेश्वरीचं ठरत आलेलं लग्न मोडायच्या काठावर जाऊन बसलं.

मी दुर्गेश्वरीची मोठीमाय, म्हणजे तिच्या बापाच्या, उदेलालच्या, थोरल्या भावाची बायको. सुलोचनाबाई म्हणतात मला. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, तेव्हा बोलायची खोड आहे आणि दुसऱ्याचं चुकीचं बोलणं ऐकलं की मला राग येतो. या प्रकरणात तो भरपूर आला. कोणावर किती काढायचा याचा हिशेब मात्र शेवटपर्यंत लागला नाही.

आधी धुरपताबाईबद्दल सांगते. ती आमच्या घरामागे राहते. सालेकशापासून दरेकशाच्या डोंगरापर्यंत कुठल्याही गावात लग्न असलं की तिला बोलावणं येतं. हळदीची गाणी, मांडवाची गाणी, लेक वाटेला लावायची गाणी, सगळी तिच्या पोटात आहेत. गाण्याआधी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकते, चूळ भरते, डोळे मिटते आणि मग जे काही सुरू करते ते ऐकून अहेर मोजणारी माणसंसुद्धा मोजणं विसरतात. स्वभाव मात्र असा की ब्रह्मदेव आला तरी त्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय पाणी द्यायची नाही. प्रत्येक गाण्याची एक चाल, आणि ती चाल म्हणजे तिच्या सासूकडून आलेली, तीच खरी, बाकी सगळं वाया गेलेलं.

दुर्गेश्वरी लहानपणी तिच्याच मांडीवर गाणी शिकली. मोठी झाली, शिकली, गोंदियाला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. शनिवारी गावी येते. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या लग्नात बायकांनी तिला हळदीचं गाणं म्हणायला लावलं. गाणं जुनंच होतं.

आंब्याचं पान वो, हळदीत बुडालं,
मायच्या डोळ्यातलं, पानी कायले उडालं.

पण तिनं चाल बदलली होती. धुरपताबाई ती ओळ सावकाश खाली उतरवते, 'उडालं'वर आवाज जमिनीला टेकतो आणि ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्याला लावतात. दुर्गेश्वरीनं तीच ओळ जलद घेतली आणि शेवटी वर नेऊन सोडली. पोरींनी टाळ्या धरल्या. पाहता पाहता सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. रडायच्या जागी कोणीतरी मान वर केल्यासारखं वाटलं. धुरपताबाई मात्र उठली, मांडवाच्या बाहेर गेली आणि खर्ऱ्याची पुडी उघडून बसली.

त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद. दुर्गेश्वरीची चाल बरोबर नाही. पाण्याला गेली तरी तेच, रेशन दुकानात गेली तरी तेच. गावाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण गावाला अर्थ माहीत होता. दुर्गेश्वरीसुद्धा हसायची. "धुरपतामाय, लेक सासरी चालली मनून गानं खाली कायले उतरवायचं?" असं तिनं एकदा विचारलं, तर म्हातारीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

धान कापून घरात आलं आणि दुर्गेश्वरीला स्थळ आलं. मुलगा भूपेंद्र, नागझिऱ्याला गाईड. घर कोहमाऱ्याजवळच्या एका गावात. बाप नाही, आई शामकलाबाई करारी, आणि मामा जागेश्वर, ज्याचा कोहमाऱ्याच्या हायवेवर ढाबा आहे. स्थळ आमच्या दूरच्या नात्यातल्या उदेभाननं आणलं. पोरगा बघायला बरा होता, बोलायला कमी होता. मला वाटलं, जंगलात राहून गप्प बसायची सवय झाली असेल.

पाहायला आले तेव्हा शामकलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, जरा त्या कोपऱ्यापर्यंत चालून दाखव." हा जुना प्रकार अजून जिवंत आहे. पोरगी लंगडत नाही ना, पाय वाकडा टाकत नाही ना, हे तपासायचं. मला वाटलं उठून सांगावं की तुमच्या पोरालाही उड्या मारायला लावू का. पण दुर्गेश्वरी शांतपणे उठली, कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "पळून दाखवू काय?" भूपेंद्र खळखळून हसला. तेवढ्यावर मी त्याला पास केलं. दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. पुढच्या काही दिवसांत त्यांचं फोनवर बोलणं व्हायचं, आणि शनिवारी आली की दुर्गेश्वरी मला भेकर कसं ओरडतं आणि ते ऐकून गाईड गाडी कशी थांबवतो, हे सांगायची. पोरीचा चेहरा पाहूनच कळत होतं. तिला हे लग्न हवं होतं.

आता आमच्याकडे एक रीत आहे. मुलगी पसंत पडली तरी साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरण्याआधी मुलाकडचं कोणीतरी गुपचूप गावात येऊन चौकशी करून जातं. गुपचूप म्हणजे काय, तर सगळ्या गावाला कळेल असं. जागेश्वर मोटारसायकलवर आला आणि गुरांसाठी धानाचं तणस विकत घ्यायचंय असं सांगत हिंडू लागला. ढाबेवाल्याला तणस कशाला लागतं, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. हिंडत हिंडत तो धुरपताबाईच्या दारात पोचला. ती उन्हात बसून पोपटीच्या शेंगा सोलत होती. पुढचं बोलणं मी नंतर दोघांकडून ऐकलं आणि नवल म्हणजे दोघांनी शब्दाला शब्द तेच सांगितलं.

"उदेलालची पोरगी कशी हाय, बाई?" जागेश्वरनं विचारलं.

"गुनाची हाय. हात चालते, डोकं चालते. पन चाल बराबर नाही तिची."

जागेश्वर खाली बसला. "मंजे?"

"मंजे काय? लहानपनी चांगली होती, माह्याच मांडीवर सिकली. गोंदियाले गेली अन् बिघडली. मोबाईलमधी पाहून पाहून एकाची चाल दुसऱ्याले लावते. गावच्या बाकी पोरीबी तिच्याच मांगं लागल्या."

"घरच्यायले मालूम हाय?"

"मालूम नसाले काय झालं? सारे तिथंच बसतेत. टाळ्या वाजवतेत."

जागेश्वर चहा न घेता उठला. तो दिवसभर ट्रकवाल्यांशी हिंदी बोलणारा माणूस. त्याच्या हिंदीत गाण्याला धुन असते, तर्ज असते. चाल असते ती माणसाला, आणि ती बिघडली की ते चालचलन. त्यानं जे ऐकलं ते त्याच्या कानाच्या मापानं अगदी चोख होतं. 'ध'चा 'मा' करायला इथं अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही.

आमच्याकडे यातलं काहीच माहीत नव्हतं. तिकडून निरोप येईना. माझ्या दिरानं, उदेलालनं, एकदा फोन केला तर शामकलाबाई म्हणाल्या, पाहू, पोराला ड्यूटी आहे. दुसऱ्यांदा केला तर उचललाच नाही. भूपेंद्रचा फोन तर एकाएकी बंद पडला, म्हणजे पोरीसाठी बंद. दुर्गेश्वरीनं एक-दोनदा मेसेज पाठवला, त्याला उत्तर आलं नाही, मग तिनं पाठवणं सोडलं. शेवटी उदेभान आला, ओट्यावर बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठता उठता म्हणाला की त्यांना मुलीच्या चालचलनाबद्दल काही कानावर आलंय, तेही तुमच्याच गावातून.

उदेलाल उठला. बैलांना पाणी दाखवायला गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. माझी जाऊ रामकली साधी बाई, तिला फक्त भीती कळते. शनिवारी पोरगी आली तशी तिनं तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि गोंदियात कोणी आहे का, असं विचारलं. दुर्गेश्वरीनं आईपुढे मोबाईल ठेवला. "पाहून घे," एवढंच म्हणाली आणि बाहेर आली. रामकलीला मोबाईल पाहता येत नाही. ती तो हातात धरून रडत बसली.

मी पोरीच्या शेजारी जाऊन बसले. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "मोठीमाय, लोक बोलले त्याचं काही नाही. लोक बोलतातच. पण आईनं विचारलं." त्याच क्षणी मी ठरवलं की हे कोणाच्या तोंडून निघालं ते शोधायचं आणि त्या तोंडाला कुलूप घालायचं.

उदेभानला धरलं. तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला की आपलं नाव घेऊ नका, आणि मग म्हणाला की गाणी म्हणणारी एक म्हातारी आहे तुमच्याकडे, तिनं सांगितलं. मला खरंच वाटेना. धुरपताबाई भांडेल, शिव्या देईल, पण पोरीच्या अंगावर चिखल उडवणारी बाई ती नव्हे. तरी गेले. ती पुन्हा शेंगाच सोलत होती.

"धुरपताबाई, त्या तणसवाल्याले तुम्ही आमच्या पोरीबद्दल काय सांगतलं?"

"काय सांगनार? चाल बराबर नाही मनून सांगतलो. साऱ्यायलेच सांगतो. तुले नाही सांगत काय?"

मी तिथंच सालपटांच्या ढिगावर बसले. वर्गात मी पोरांना विचारायचे, एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ असलेली वाक्यं करा. चाल या शब्दावर तर पोरं धडाधड वाक्यं करायची. ती सगळी वाक्यं एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मला हसू आलं, मग त्या हसण्याचंच रडू झालं, आणि मग राग आला. म्हातारीला समजावून सांगितलं की जागेश्वरनं काय ऐकलं, काय समजला आणि आमच्या घरी काय होऊन बसलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बाप्पा," ती म्हणाली. "मंग त्यानं चाल कायची ते इचारायचं होतं ना."

मी म्हटलं, आता ते राहू द्या. तुम्ही आमच्याबरोबर त्यांच्या घरी चला आणि एवढंच सांगा की पोरीची चाल चांगली आहे. काम भागलं.

धुरपताबाईनं मान हलवली. "पोरगी सोन्यासारखी हाय, ते सांगतो. गान्याची चाल मनत होतो, तेबी सांगतो. पन चाल बराबर हाय मनून नाही सांगनार."

"एका पोरीचं लगन मोडून राहिलं, अन् तुमाले गान्याची पडली?"

"लगन मोडते मनून गानं खोटं करू काय?"

मला त्या वेळी तिचा असा संताप आला की काय सांगू. पण घरी येताना वाटेत वाटलं, जी बाई एवढ्यासाठीही खोटं बोलत नाही, तिच्या साक्षीला काही किंमत असेल.

जायचं ठरलं. उदेलाल, मी आणि धुरपताबाई. त्यावर दुर्गेश्वरी म्हणाली की मीही येणार. उदेलाल दचकला. "साक्षगंध झालं नाही, अन् पोरीनं पोराच्या घरी जायचं? आपल्यात तशी चाल नाही." बिचाऱ्याला कळलंही नाही की आपण कोणता शब्द वापरला. दुर्गेश्वरीला कळला. ती म्हणाली, "बाबा, ज्याच्यासाठी चाललो ते माझ्याच गळ्यात आहे. गळा घरी ठेवून तुम्ही तिथं दाखवणार काय?" तो गाडी सांगायला गेला. रामकलीनं डबा बांधून दिला. पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि मागे सरली.

भाड्याची इको गाडी केली होती. धुरपताबाई पुढच्या सीटवर बसली आणि कोहमारा येईपर्यंत ड्रायव्हरला त्याच्या टेपवरच्या गाण्यांच्या चुका सांगत राहिली. दुर्गेश्वरी खिडकीबाहेर पाहत होती.

त्यांच्या घरी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, पण कोणी आतून बाहेर येऊन या म्हणालं नाही. शामकलाबाई दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. जागेश्वरला ढाब्यावरून बोलावून घेतलं होतं. भूपेंद्र घरीच होता. त्यानं दुर्गेश्वरीला पाहिलं आणि नजर खाली घातली. मी माझ्या परीनं सगळं नीट सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं. चाल म्हणजे गाण्याची चाल. ही बाई गाणी म्हणते, ही पोरगी तिची शिष्या, दोघींचा वाद गाण्याचा. धुरपताबाईनं दुजोरा दिला, आणि दुजोऱ्यातही म्हणाली की चाल बरोबर नाहीच.

जागेश्वर ऐकत होता. मग तो हसला आणि मला म्हणाला, "मॅडम, ये आपकी नई चाल है."

माझं शिक्षण तिथं संपलं. आता या शब्दाचं काय करावं? गाण्याची म्हणावी तर माणसाची होते, माणसाची पुसावी तर कपटाची होते. उदेलाल उठून उभा राहिला, चला म्हणाला. त्याच्या आवाजात अपमान होता आणि तो मला सहन होईना. मी पिशवी उचलली.

दुर्गेश्वरी उठली नाही. "धुरपतामाय, खर्रा थुका," ती म्हणाली. "तुमच्या चालीनं मना."

म्हातारीनं अंगणाच्या कडेला जाऊन तोंड मोकळं केलं, चूळ भरली, खांबाला टेकून खाली बसली आणि डोळे मिटले. आंब्याचं पान हळदीत बुडालं. तिचा आवाज आता फाटलाय, पण उतरायचा कुठं ते त्याला अजून माहीत आहे. 'उडालं' जमिनीला टेकलं तेव्हा शामकलाबाई चौकटीतून नकळत एक पाऊल पुढे आल्या होत्या. धुरपताबाई थांबली आणि तेच शब्द दुर्गेश्वरीनं उचलले. जलद, टाळीच्या अंगानं, आणि शेवटी वर. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. दुसऱ्यांदा म्हणताना कापला नाही. शब्द तेच, आंब्याचं पान तेच, पण गाणं वेगळंच. बहिऱ्यालाही फरक कळावा.

"पाहा," धुरपताबाई म्हणाली, "आता तुमीच सांगा, हे बराबर हाय काय? लेक चालली अन् ही वर चढवते."

जागेश्वरचं तोंड उघडं राहिलं. "अरे," तो म्हणाला, "ये तो धुन की बात है." त्यानं दोन्ही हातांनी आपले कान चोळले. मग माझ्याकडे पाहून काही म्हणायला गेला, ते त्याला हिंदीतही सापडलं नाही आणि मराठीतही.

पण खरी गंमत शामकलाबाईंनी केली. त्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या की तुमच्या दोघींचंही चुकतं. त्यांचं माहेर बालाघाटकडचं. तिकडे हेच गाणं ना खाली उतरवतात, ना वर चढवतात, सरळ नेतात. त्यांनी म्हणूनही दाखवलं. धुरपताबाईनं कपाळाला हात लावला. मग दोघी अशा काही जुंपल्या की आम्ही कशासाठी आलो होतो ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. जागेश्वरनं गुपचूप आत जाऊन चहा ठेवायला सांगितलं. उदेलाल पुन्हा खुर्चीवर बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला पाहून मला बरं वाटलं.

चहा झाला. शामकलाबाईंचे डोळे ओले होते. त्यांनी दुर्गेश्वरीचा हात धरला, आमच्याकडून मोठी चूक झाली म्हणाल्या, आणि साक्षगंध पौषाआधीच उरकू असंही म्हणाल्या. आत गेल्या आणि कुंकवाची डबी घेऊन आल्या. उदेलालनं समाधानानं माझ्याकडे पाहिलं. माझ्यापुरतं प्रकरण मिटलं होतं.

"थांबा जी," दुर्गेश्वरी म्हणाली. "मले एक इचारायचं हाय."

शामकलाबाईंचं बोट डबीतच राहिलं. दुर्गेश्वरी भूपेंद्रकडे वळली. तो इतका वेळ कोपऱ्यातल्या बाजेवर बसला होता आणि एक शब्द बोलला नव्हता.

"तुमी फोन काऊन नाही केला?"

भूपेंद्रनं मामाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता नेटवर्कचं काहीतरी सांगेल. जंगलात नेटवर्क नसतं, हे कोणीही मानलं असतं.

"मी मानलं होतं," तो म्हणाला.

शामकलाबाई त्याला थांबवायला गेल्या, पण तो थांबला नाही. "मामानं सांगतलं तवा मानलं. मंग रोज फोन हातात घेतला. पन अशी गोष्ट पोरीले इचारायची कशी, ते नाही समजलं. मनून नाही केला."

मला एकीकडे त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि दुसरीकडे वाटलं, खोटं तर नाही बोलला. दुर्गेश्वरीचा चेहरा पडला होता. हे तिला लागलं होतं, गावाच्या बोलण्यापेक्षा आणि आईच्या विचारण्यापेक्षाही जास्त. उदेलालनं तिला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे. ती उभी राहिली.

"मंग आता इचारा," ती म्हणाली.

"आता?"

"आता. साऱ्यायसमोर."

भूपेंद्र बाजेवरून उठला. घसा खाकरला. पहिल्यांदा त्याच्या तोंडून नुसतं तिचं नाव निघालं. जागेश्वर मान खाली घालून कपातली साय बघत होता. दुसऱ्यांदा भूपेंद्रनं तिच्याकडे सरळ पाहिलं.

"दुर्गेश्वरी, तुमची चाल कशी हाय?"

"माझी हाय," ती म्हणाली. "कोनाची आनली नाही, अन् कोनाच्या मनन्यानं बदलनार नाही. चालते काय?"

आम्ही सगळ्यांनी धुरपताबाईकडे पाहिलं. का पाहिलं ते सांगता येत नाही, पण जागेश्वरनंही पाहिलं. म्हातारी खांबाला टेकून बसली होती. तिनं पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे खरं हाय," ती म्हणाली.

भूपेंद्र म्हणाला, "चालते." त्यानंतरही तो नजर खाली घालेना. दुर्गेश्वरी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि मग शामकलाबाईंच्या पुढे जाऊन तिनं आपणहून कपाळ पुढे केलं.